प्रोव्हिजनल बॅलटची सेवा : न्यू जर्सीतल्या एका नोव्हेंबरचा अनुभव

७ नोव्हेंबर २०२३ च्या मंगळवारी संध्याकाळी सव्वासातला आम्ही दोघे नवराबायको न्यू जर्सीतल्या आमच्या मतदान केंद्रावर, म्हणजे आमची मुलगी ज्या शाळेत शिकली त्याच शाळेच्या व्यायामशाळेत, पोहोचलो, तेव्हा मतदान बंद व्हायला पाऊण तास उरला होता. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नव्हती आणि काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेचीही, नव्हती. राज्याच्या विधिमंडळाच्या जागा होत्या आणि त्यांच्या खाली, आमच्या रोजच्या जगण्याला सर्वांत जवळच्या अशा, टाउनशिप कौन्सिलच्या, म्हणजे गावच्या नगरपरिषदेच्या, आणि शाळा मंडळाच्या जागा होत्या. टेबलाशी बसलेल्या मुलाने यांचे नाव टॅबलेटवर शोधले आणि सांगितले, की तुम्हाला टपालाने मतपत्रिका पाठवलेली आहे, त्यामुळे तुम्हाला इथल्या यंत्रावर मत देता येणार नाही. माझेही तेच निघाले. त्यानंतरचा अर्धा तास आणि पुढचे जवळजवळ तीन आठवडे आमचा ज्या सेवेशी संबंध आला ती प्रोव्हिजनल बॅलटची सेवा होय, आणि हे परीक्षण तिचे आहे. सरकारी सेवेचे परीक्षण दुकानासारखे करता येते का, असा प्रश्न कुणाला पडेल. परंतु ही सेवा आमच्याच करातून चालते, तिच्यातून आम्हाला मिळायची ती वस्तू म्हणजे आमचे मत, आणि ते मत खरोखर पोहोचले की नाही हे विचारण्याचा अधिकार ग्राहकापेक्षा मतदाराला अधिकच आहे.

आधी नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या नावामुळेच आपल्या लोकांचा निम्मा गोंधळ होतो. मराठीत कुणी 'तात्पुरती मतपत्रिका' म्हटले, की ऐकणाऱ्याला वाटते की हे मत काही काळापुरते आहे, नंतर ते रद्द होणार किंवा पुन्हा द्यावे लागणार. तसे काही नाही. मत पक्केच असते; लांबणीवर पडतो तो त्याच्या स्वीकाराचा निर्णय. मतदार पात्र आहे की नाही याबद्दल केंद्रावर शंका निघाली, तर त्याला परत पाठवायचे नाही, त्याचे मत कागदावर घ्यायचे, लिफाफ्यात बंद करून वेगळे ठेवायचे, आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, निवडणूक कार्यालयाने नोंदी तपासून ते पात्र ठरवले तर बाकीच्या मतांसारखेच मोजायचे, असा हा सगळा व्यवहार आहे. 'राखून ठेवलेले मत' हे वर्णन मला जास्त जवळचे वाटते, परंतु इथे घराघरांत 'प्रोव्हिजनल' हाच शब्द रुळला आहे, म्हणून मीही तोच वापरते.

आमच्यावर ही वेळ का आली, तर २०२० साली महामारीमुळे न्यू जर्सीत त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी सगळ्या सक्रिय मतदारांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या गेल्या होत्या, आणि ती सोय आवडल्यामुळे आम्ही पुढे अर्जावर 'यापुढच्या सर्व निवडणुकांसाठी' या चौकटीत खूण केली होती. ती खूण आम्ही विसरलो. कार्यालय विसरले नाही, आणि त्यात त्याची काहीही चूक नाही. ऑक्टोबरात लिफाफे आले ते दिवाळीच्या खरेदीच्या पावत्यांखाली गेले. न्यू जर्सीत नियम असा आहे, की ज्याला टपाली मतपत्रिका पाठवली आहे तो मतदार केंद्रावर आला तर त्याला यंत्र मिळत नाही, प्रोव्हिजनल बॅलट मिळते, कारण त्याने टपालाने आधीच मत पाठवलेले नाही याची खात्री केंद्रावर बसून करता येत नाही. भरलेली टपाली मतपत्रिका केंद्रावरच्या माणसाच्या हातात देण्याचीही मुभा नाही. ती टपालात किंवा काउंटीच्या ठरावीक मतपेटीत टाकावी लागते. हे सारे नियम योग्य आहेत असे माझे मत आहे, कारण एका माणसाचे एकच मत पडावे यासाठीच ते आहेत.

आता टेबलावरच्या सेवेबद्दल. टॅबलेटवर नाव शोधणारा तो मुलगा नवीन असावा, कारण त्याने आम्हाला घरी जाऊन टपाली लिफाफा शोधा आणि मतपेटी गाठा एवढेच सांगितले; दुसरा मार्ग आहे हे तो बोललाच नाही. मी 'प्रोव्हिजनल' हा शब्द उच्चारला नसता, तर आम्ही दोघे तिथूनच परत फिरलो असतो, आणि त्या संध्याकाळी माझ्या पाहण्यात एक तरुण जोडपे तसे परत गेलेही. ही या सेवेतली सर्वांत मोठी उणीव आहे: ती मागणाऱ्याला मिळते, आणि मागायचे कसे हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती आहे हेच कळत नाही. सुदैवाने शेजारच्या टेबलावर बसलेल्या वयस्कर बाईंनी आमचे बोलणे ऐकले आणि त्या उठून आल्या. त्यांनी मुलाला न दुखावता बाजूला घेतले, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, मतपत्रिका, लिफाफा आणि लिफाफ्याला जोडलेले प्रतिज्ञापत्र असे तिन्ही दाखवले, आणि प्रतिज्ञापत्र लिफाफ्यापासून फाडायचे नाही, ते सुटे झाले तर मत बाद होऊ शकते, हे दोनदा सांगितले. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सही एवढेच भरायचे होते. त्यांनी यांना विचारले, "सही नोंदणीच्या वेळी केली होती तशीच करताय ना?" यांनी घाईने मान डोलावली. त्या प्रश्नाचे मोल आम्हाला आठवड्याने कळले.

मतपत्रिका भरण्यासाठी आडोसा होता, लिफाफा आमच्यासमोर बंद झाला, आमच्यासमोरच सीलबंद पिशवीत गेला, आणि हातात एक पत्रक मिळाले, ज्यावर मताचे काय झाले हे विचारण्यासाठी निःशुल्क दूरध्वनी क्रमांक छापला होता. आठला दहा मिनिटे असताना आम्ही बाहेर पडलो. दुकानाला द्यावेत तसे तारे द्यायचे झाले तर त्या बाईंच्या टेबलाला मी पाचपैकी पाच देईन, आणि नवख्या मुलाच्या टेबलाला दोन. पण तो मुलगा दिवसभर, पहाटे साडेपाचपासून, तिथे बसून होता आणि त्याचे प्रशिक्षण त्याने स्वतः ठरवलेले नव्हते, हेही मला नोंदवावेसे वाटते.

ही सोय कुठून आली हे माहीत असले, की तिच्याकडून काय अपेक्षा करावी ते नीट कळते. २००० सालच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या भोके पाडायच्या मतपत्रिकांची चर्चा जगभर झाली, परंतु त्याहून मोठी पडझड मतदार याद्यांमध्ये झाली होती. कॅलटेक आणि एमआयटी या संस्थांच्या संयुक्त प्रकल्पाने २००१ साली असा अंदाज मांडला, की त्या निवडणुकीत देशभरात ४० ते ६० लाख मते वाया गेली, आणि त्यांपैकी १५ ते ३० लाख केवळ नोंदणीतल्या अडचणींमुळे. माणूस केंद्रावर आला, यादीत नाव सापडले नाही, आणि तो परत गेला. त्याचा मागमूस कुठल्याही कागदावर उरला नाही. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि जेराल्ड फोर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने त्याच वर्षी प्रोव्हिजनल बॅलट सर्वत्र असावे अशी शिफारस केली, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये 'हेल्प अमेरिका व्होट अ‍ॅक्ट' हा कायदा झाला. त्याच्या ३०२ व्या कलमाने मतदाराला चार गोष्टी दिल्या: अशी सोय आहे हे त्याला सांगितले जाणे, प्रतिज्ञेवर मत देता येणे, त्या मताची तपासणी होऊन पात्र असल्यास मोजणी होणे, आणि आपले मत मोजले गेले का, नसल्यास का नाही, हे विनामूल्य विचारता येणे. पहिली गोष्ट आमच्या केंद्रावर एका टेबलावर चुकली आणि दुसऱ्या टेबलावर सावरली गेली. चौथीबद्दल पुढे लिहिते.

मात्र हा कायदा संघराज्यीय पदांच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसच्या, निवडणुकांना लागू आहे, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात नसते. २०२३ मधल्या आमच्या मतपत्रिकेवर तसे एकही पद नव्हते. म्हणजे टाउनशिप कौन्सिल, शाळा मंडळ, काउंटीचे आयुक्त अशा निवडणुकांत मतदाराला जे संरक्षण मिळते ते राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. न्यू जर्सीने प्रोव्हिजनल बॅलटचा आपला कायदा १९९९ मध्येच, म्हणजे फ्लोरिडाच्या आधी, केला होता, आणि त्याबद्दल या राज्याचे कौतुक केले पाहिजे. इतर ठिकाणी चित्र वेगळे आहे. मिनेसोटात मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नोंदणी करता येते, म्हणून तिथे या पद्धतीची गरजच मानली गेली नाही. चुकीच्या विभागात पडलेले मत काही राज्यांत पूर्ण बाद होते, तर काही राज्यांत ज्या पदांसाठी तो मतदार पात्र आहे तेवढ्यांपुरते मोजले जाते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोकरीसाठी सतत फिरणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावे, कारण टेक्सासमधल्या मित्राने सांगितलेला नियम न्यू जर्सीत लागू असेलच असे नाही.

संख्या पाहिल्या तर या लिफाफ्यांचे वजन कळते. कायदा झाल्यानंतरच्या पहिल्याच राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत, २००४ मध्ये, देशात सुमारे १९ लाख प्रोव्हिजनल मते पडली आणि त्यांतली १२ लाखांहून अधिक मोजली गेली. २०१६ मध्ये ही संख्या जवळजवळ २५ लाखांवर गेली, आणि दर शंभरांतली साधारण ७१ पूर्णतः किंवा अंशतः मोजली गेली. या आकड्यांकडे दोन प्रकारे पाहता येते. जी मते मोजली गेली ती ही सोय नसती तर पडलीच नसती, ही एक बाजू झाली. परंतु उरलेल्या लाखो मतदारांनी लिफाफा बंद करताना 'मी मत दिले' असे मनाशी म्हटले होते, आणि त्यांच्यातल्या किती जणांना आपले मत बाद झाल्याचे कळले, ही दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते.

कारण नंतरच्या आठवड्यांचा आमचा अनुभव तसाच होता. त्या रात्री शाळा मंडळाच्या शेवटच्या जागेसाठी दोन उमेदवारांमधले अंतर अगदी थोडे होते. आमच्या ओळखीतल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर रात्री दहालाच एकाचे अभिनंदन सुरू झाले, आणि पुढच्या आठवड्यात अंतर बदलू लागले तसे 'ही मते आता कुठून आली' असे प्रश्न सुरू झाले. उत्तर सरळ आहे. न्यू जर्सीत मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असलेली मतपत्रिका त्यानंतर सहा दिवसांपर्यंत पोहोचली तरी चालते, आणि तोच मतदार दोन्हीकडे मोजला जाऊ नये म्हणून टपाली मते हाताळून झाल्यावर प्रोव्हिजनल लिफाफे उघडले जातात. म्हणजे ही मते शेवटी मोजली जातात ती काटेकोरपणामुळे. परंतु हे त्या रात्री कुणी सांगितले नाही. आकड्यांच्या पानावर 'अनधिकृत निकाल' एवढे शब्द होते. किती प्रोव्हिजनल लिफाफे अजून बंद आहेत, याची संख्या नव्हती. ती संख्या पिशव्या परत आल्या त्या रात्रीच कार्यालयाला माहीत असते, कारण प्रत्येक केंद्राला दिलेल्या आणि परत आलेल्या मतपत्रिकांचा हिशेब द्यावा लागतो. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत लाखांच्या फरकापुढे चारपाचशे लिफाफे कुणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. गावच्या निवडणुकीत मात्र तेवढेच लिफाफे जागा फिरवू शकतात. म्हणून विश्वास टिकवण्याचे काम गावच्या निवडणुकीत सर्वांत अवघड आणि सर्वांत आवश्यक असते, आणि निकालाच्या आकड्याशेजारी बंद लिफाफ्यांचा आकडा छापण्याइतके स्वस्त साधन त्यासाठी दुसरे नाही.

पत्रकावरच्या क्रमांकावर मी तीनदा दूरध्वनी केला. पहिल्या वेळी सांगण्यात आले, की मोजणी चालू आहे, नंतर विचारा. नंतर म्हणजे केव्हा, याचे उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या वेळी मला आमच्या काउंटीच्या कार्यालयाकडे वळवले गेले, तिथून दुसऱ्या विभागाकडे, आणि तिथे ध्वनिमुद्रित संदेश ऐकून मी फोन ठेवला. तिसऱ्या वेळी, मतदानाला अठरा दिवस झाल्यावर, एका सौजन्यशील कर्मचाऱ्याने माझे नाव आणि जन्मतारीख विचारून अर्ध्या मिनिटात सांगितले, की माझे मत स्वीकारले गेले आणि मोजले गेले. अर्ध्या मिनिटात मिळणारे उत्तर मिळवायला मला अठरा दिवस लागले, आणि माझ्यासारखा पाठपुरावा करायला सगळ्यांना वेळ असतोच असे नाही. टपाली मतपत्रिकेचा प्रवास संगणकावर पाहता येतो. पोहोचली, स्वीकारली, मोजली अशी एकेक पायरी दिसते. प्रोव्हिजनल लिफाफ्यालाही तशीच पावती आणि तसाच क्रमांक का असू नये, हे मला समजलेले नाही.

यांच्या मताची गोष्ट निराळी झाली. दिवाळी त्या वर्षी १२ नोव्हेंबरला होती आणि आम्ही फराळाला मेरीलँडमध्ये नणंदेकडे गेलो होतो. परतलो तेव्हा टपालात काउंटीचे एक पत्र होते: प्रतिज्ञापत्रावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळत नाही, सोबतचा अर्ज भरून ठरावीक मुदतीत परत करा. मुदतीला दोन दिवस उरले होते. नोंदणीचा जुना अर्ज यांनी नागरिकत्वाच्या शपथविधीच्या दिवशी भरला होता, आणि त्या दिवशी भरून आल्यामुळे म्हणा किंवा आयुष्यभराच्या सवयीने म्हणा, सही देवनागरीत केली होती. शाळेत असल्यापासून यांची सही तशीच आहे. बँकेच्या कामासाठी म्हणून इंग्रजी सही नंतर आली, आणि त्या संध्याकाळी घाईत हात इंग्रजीकडे वळला. दोन्ही सह्या खऱ्या, दोन्ही एकाच माणसाच्या, आणि तरी तपासणाऱ्याला शंका येणे अगदी रास्त होते. सहीबद्दल शंका आली तर मत परस्पर बाद न करता मतदाराला कळवून खुलाशाची संधी द्यायची, ही तरतूद न्यू जर्सीने २०२० मध्ये कायद्याने केली. ती नसती तर यांचे मत गेले असते आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून हे स्वतः कार्यालयात गेले. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने अर्ज घेतला, ओळखपत्र पाहिले, आणि कुतूहलाने ती देवनागरी सही कशी वाचायची हेही विचारून घेतले. मत मोजले गेले. या भागाला मी पूर्ण गुण देते. सुधारणा एवढीच हवी, की पत्रासोबत दूरध्वनी किंवा ई-मेल करण्यावरही कार्यालयांनी तेवढाच भर द्यावा, कारण नोव्हेंबर हा आपल्या सणांचा आणि प्रवासाचा महिना असतो आणि घरी पडलेले पत्र उघडायला उशीर होतो.

लिफाफे गावपातळीवरची जागा फिरवू शकतात हे मी वर लिहिले, त्याचा नोंदलेला दाखला ओहायोत आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये सिनसिनाटी ज्या काउंटीत येते त्या हॅमिल्टन काउंटीत बाल न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी ट्रेसी हंटर आणि जॉन विल्यम्स यांच्यात निवडणूक झाली आणि मोजणीअंती हंटर २३ मतांनी मागे राहिल्या. शेकडो प्रोव्हिजनल मते बाजूला काढली गेली होती, कारण मतदार योग्य इमारतीत आला होता पण चुकीच्या टेबलावर मत देऊन गेला होता. तिथे एकाच सभागृहात अनेक विभागांची टेबले असतात, आणि कुणी कुठे जायचे हे मतदाराला कर्मचारी सांगतो. घर क्रमांक सम की विषम यावर टेबल ठरत होते, आणि एका कर्मचाऱ्याने ७९८ हा आकडा विषम धरला होता, असे साक्षीत निघाले. निवडणूक मंडळाने आपल्याच कार्यालयात कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे चुकलेली २७ मते मोजली होती, पण केंद्रांवर तशाच चुकीने चुकलेल्या मतांची चौकशी केली नव्हती. एका मतदाराला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, यावर प्रकरण संघराज्यीय न्यायालयात गेले. अखेर २०१२ मध्ये त्यांतली जवळजवळ तीनशे मते मोजण्याचा आदेश झाला आणि हंटर ७४ मतांनी विजयी ठरल्या. निवडणुकीपासून पदग्रहणापर्यंत दीड वर्ष गेले. निकाल काय लागला यापेक्षा मला यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: ती मते लिफाफ्यांत, नावापत्त्यासह, कारणासह जपून ठेवलेली होती म्हणूनच न्यायालयाला तपासता आली. यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलेल्या माणसासाठी कोणतेही न्यायालय काही करू शकत नाही.

आणि इथे मला माझ्या माहेरची आठवण येते. २०१७ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या निवडणुकीत माझे वडील मतदार ओळखपत्र घेऊन नेहमीच्या शाळेत गेले, आणि यादीत त्यांचे नाव नव्हते. आईचे होते, शेजाऱ्यांचे होते, चाळीस वर्षे त्याच पत्त्यावर राहिलेल्या वडिलांचे नव्हते. ते तीन खोल्या फिरले, बाहेरच्या मांडवात पक्षाच्या मुलांकडच्या याद्या चाळल्या, आणि घरी परतले. आपल्याकडे यादीत नाव नसेल तर ओळखपत्र हातात असूनही मत देता येत नाही, आणि वडील आले होते याची नोंदही कुठे राहिली नाही. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी पुण्यामुंबईत हजारो मतदारांवर हीच वेळ आली होती.

आपल्याकडे लिफाफ्यातले मत नाहीच असे मात्र नाही. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल, तर तुम्ही केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागू शकता. १९६१ च्या निवडणूक नियमांतल्या ४९-त या नियमाखाली तुम्हाला यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका मिळते, नमुना १७-ख मध्ये तुमची नोंद आणि सही होते, आणि मत वेगळ्या पाकिटात बंद होते. पण हे मत नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात २००८ मध्ये सी. पी. जोशी ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचा प्रश्न उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एका मताच्या फरकालाही ते पाकीट आपोआप उघडत नाही, त्यासाठी याचिका लागते. अमेरिकेतला लिफाफा पात्र ठरला की उघडतोच. दोन्ही देशांत मी मत दिले आहे आणि यादीची शुद्धता, यंत्रांची व्यवस्था, दुर्गम केंद्रांपर्यंत कर्मचारी पोहोचवण्याची जिद्द यांत भारताबद्दल मला अभिमान आहे हे म्हणताना मी यादीची शुद्धता हा शब्द मागे घेते. वडिलांच्या त्या दिवसानंतर तो मला लिहवत नाही. महाराष्ट्राच्या स्थानिक निवडणुकांत विधानसभेच्याच याद्या प्रभागांप्रमाणे फोडून वापरल्या जातात, आणि फोडताना नाव शेजारच्या प्रभागात गेले तर मतदाराला ते मतदानाच्या दिवशी कळते. अशा मतदारासाठी राखून ठेवलेल्या मताची सोय आपल्या राज्य निवडणूक आयोगाने निदान महापालिकांपुरती करून पाहावी, असे मला मनापासून वाटते. मोजणी एक दिवस लांबेल, लांबू द्यावी.

न्यू जर्सीतल्या या सेवेला एकूण मी पाचपैकी साडेतीन तारे देते. केंद्रावरची कागदी व्यवस्था आणि सही दुरुस्त करण्याची संधी उत्तम आहे; मतदाराला आपणहून सांगण्याची शिस्त कर्मचाऱ्यागणिक बदलते; आणि नंतरचे मौन फार लांब आहे. राहिलेल्या दीड ताऱ्यासाठी नवीन कायद्याची गरज नाही. दारात मोठ्या अक्षरांत एक फलक हवा, की यादीबद्दल काहीही अडचण आली तरी मत दिल्याशिवाय परत जाऊ नका. हातात दिलेल्या पत्रकावर लिफाफ्याचा क्रमांक आणि 'या तारखेनंतर विचारा' अशी तारीख हवी. आणि मोजणीच्या रात्री बंद लिफाफ्यांची संख्या जाहीर व्हायला हवी.

यांनी नंतर काउंटीत नवा नोंदणी अर्ज भरून दिला, आणि सही पुन्हा देवनागरीतच केली. फक्त आता प्रत्येक निवडणुकीच्या आधी मी आठवण करते. टपाली यादीतून नावे काढण्याचा अर्जही आम्ही दिला. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्हाला यंत्र मिळाले, पण बरोबर आलेल्या शेजारच्या काकूंना प्रोव्हिजनल बॅलट घ्यावे लागले, कारण त्या उन्हाळ्यात मुलाच्या घरून काउंटीतल्याच दुसऱ्या गावी राहायला आल्या होत्या आणि पत्ता बदलायचा राहिला होता. काकूंना इंग्रजी वाचायला वेळ लागतो. मदतीला आपल्या पसंतीचे माणूस घेण्याचा हक्क इथल्या कायद्याने त्यांना आहे, म्हणून मी त्यांच्याबरोबर टेबलाशी बसले, प्रतिज्ञापत्र ओळीओळीने मराठीत वाचून दाखवले आणि सहीच्या जागी बोट ठेवले. सही करण्यापूर्वी काकूंनी मला विचारले, "नोंदणीला मी 'सौ.' लावलं होतं का गं?" आम्ही दोघींनी बसून ते आठवले, आणि मगच त्यांनी सही केली.